सेंट हेलेनाची शनिवारची विमानसेवा : एका निवृत्त हिशेब तपासनिसाचा अभिप्राय

जोहान्सबर्गहून दक्षिण अटलांटिक महासागरातील, ब्रिटनचा सागरपार प्रदेश असलेल्या सेंट हेलेना बेटाला जाणारे विमान वर्षातला बराच काळ आठवड्यातून एकदाच, शनिवारी, सुटते. सेवा एअरलिंक या दक्षिण आफ्रिकी कंपनीची आणि विमान एम्ब्रेयर ई-१९० जातीचे. मुलगी जोहान्सबर्गला राहत असल्यामुळे आम्हा उभयतांना हा प्रवास करता आला, आणि आठवडाभर बेटावर राहून आम्ही पुढच्या शनिवारी परतलो. माझी नोकरी सरकारी लेखापरीक्षणातली. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी कोणतेही बांधकाम दिसले की त्याचा खर्च कोणी केला, कोणत्या लेखाशीर्षाखाली केला आणि मंजुरीच्या टिपणीत काय लिहून दिले होते, हे विचारण्याची खोड जात नाही. या विमानसेवेच्या बाबतीत ते प्रश्न विचारल्याखेरीज अभिप्राय पुरा होणारच नाही. कारण हिच्या विमानतळासाठी ब्रिटिश सरकारने परदेशी मदतीच्या निधीतून २८.५५ कोटी पौंड, म्हणजे आजच्या दराने तीन हजार कोटी रुपयांच्या आसपास रक्कम मंजूर केली, आणि बेटाची लोकसंख्या आहे जेमतेम साडेचार हजार. दरडोई हिशेब साठ हजार पौंडांच्या वर जातो.

आधी प्रवासाविषयी. विमानात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच आसने असल्यामुळे तिघांच्या रांगेत मध्ये अडकून बसण्याची वेळ कोणावर येत नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी आमच्यासारख्या वयाच्या प्रवाशांनी कंपनीला दुवा द्यावा. जाताना विमान थेट बेटावर जात नाही. नामिबियाच्या किनाऱ्यावरील वॉल्विस बे येथे ते इंधनासाठी थांबते. बेटावर वाऱ्यामुळे किंवा खाली उतरलेल्या ढगांमुळे उतरता आले नाही तर जवळपास दुसरा विमानतळ नाही. ॲसेन्शन बेट वायव्येला सुमारे १३०० किलोमीटरवर आणि आफ्रिकेचा किनारा सुमारे १९०० किलोमीटरवर. तेव्हा जाऊन, घिरट्या घालून पुन्हा किनाऱ्याला येण्याइतके इंधन टाकीत असल्यावाचून वैमानिकाला निघता येत नाही. वॉल्विस बे सोडल्यावर तीनेक तास खाली पाण्यावाचून काही दिसत नाही, आणि मग एकदम, कोणतीही पूर्वसूचना न देता, खिडकीत काळा तांबूस कडा उभा राहतो. विमानतळ समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंचीवर, प्रॉस्परस बे प्लेन नावाच्या ओसाड माळावर आहे. उतरताना चाके टेकण्यापूर्वीचा अर्धा मिनिट विमान असे हलते की पत्नीने शेजारच्या अनोळखी बाईंचा हात घट्ट धरला होता. चाके टेकली तेव्हा विमानात टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांत बेटावरच्या लोकांचा आवाज आम्हा पाहुण्यांपेक्षा मोठा होता.

ज्यांचा हात धरला गेला त्या बाई बेटावरच्याच. तिथले लोक स्वतःला ‘सेंट’ म्हणवतात. त्या दक्षिण आफ्रिकेत शस्त्रक्रिया करून घरी परतत होत्या. बेटावर रुग्णालय आहे, परंतु अवघड उपचारांसाठी रुग्णांना दक्षिण आफ्रिकेत पाठवावे लागते. मागच्या खेपेला, म्हणजे बोटीच्या काळात, टाके घातलेल्या पोटाने आपण पाच दिवस समुद्रातून आलो होतो, हे त्यांनी पत्नीला अगदी सहज, बाजारात भाजी महागल्याचे सांगावे तसे सांगितले. या सेवेविषयी मी पुढे जे काही बरे-वाईट लिहिणार आहे ते वाचताना ते टाके लक्षात ठेवावेत, अशी विनंती आहे.

बेटाची ओळख करून देणे भाग आहे, कारण आपल्याकडे त्याचे नाव नेपोलियनच्या पलीकडे क्वचित ऐकू येते. १८१५ मध्ये नेपोलियनला येथे आणून ठेवले आणि ५ मे १८२१ रोजी लाँगवूड येथील घरात तो वारला, हे शाळेत शिकलेले असते. पण बेटाचा पहिला ज्ञात रहिवासी गोव्याच्या इतिहासातून आलेला आहे, हे कळले तेव्हा मला आश्चर्य वाटले. फर्नाओ लोपेस हा पोर्तुगीज सैनिक गोव्यात फितून आदिलशाही सरदार रसूलखानाला जाऊन मिळाला. १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने त्याला जीवदान दिले, मात्र नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापून. मायदेशी परतताना हा मनुष्य वाटेत या निर्मनुष्य बेटावर उतरला आणि काही काळ सोडता उरलेले आयुष्य त्याने तेथेच काढले. पुढे १६५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बेटावर वसाहत केली, म्हणजे मुंबई कंपनीच्या हाती येण्याच्या नऊ वर्षे आधी. हिंदुस्थानातून परतणारी जहाजे पाणी आणि भाजीपाला घ्यायला येथे थांबत. असईची लढाई जिंकून गेलेला आर्थर वेलस्ली १८०५ मध्ये मायदेशी परतताना येथेच मुक्कामाला होता. १८३४ मध्ये कंपनीकडून बेट थेट राजसत्तेकडे गेले, १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, जहाजे त्या वाटेने जाऊ लागली आणि सेंट हेलेनाचा धंदा बसला. विसाव्या शतकात तागासारख्या धाग्याच्या एका वनस्पतीची लागवड करून दोर आणि टपालाच्या थैल्यांचा माल बनवण्याचा उद्योग काही दशके चालला. ब्रिटिश टपालखात्याने कृत्रिम धागा वापरायला सुरुवात केली आणि १९६६ मध्ये तोही संपला. लंडनमधल्या एका खात्याने खरेदीचा निर्णय बदलावा आणि हजारो मैलांवरच्या बेटावरचा प्रमुख उद्योग बंद पडावा, हा अनुभव तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. विमानतळाची कथाही त्याच वळणाने गेली.

विमानतळापूर्वी बेटाचा जगाशी संबंध होता तो ‘आर. एम. एस. सेंट हेलेना’ या टपालबोटीमुळे. १९९० पासून चाललेल्या या बोटीला केपटाऊनहून पोहोचायला पाच दिवस लागत, आणि तिचा तोटा ब्रिटनच भरून काढत असे. बोट म्हातारी होत होती. नवी बोट घ्यायची की विमानतळ बांधायचा, हा प्रश्न २००२ मध्ये बेटवासीयांपुढे मतदानाला ठेवला गेला आणि त्यांनी बहुमताने विमानतळ मागितला. २००५ मध्ये लंडनने होकार दिला. २००८ च्या डिसेंबरात, आर्थिक मंदी आली म्हणून, तो होकार स्थगित केला. २०१० मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा होकार आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये बेसिल रीड या दक्षिण आफ्रिकी कंत्राटदाराशी करार झाला. कामाचा आवाका मात्र मान्य केलाच पाहिजे. रुपर्ट्सच्या उपसागरापासून माळापर्यंत १४ किलोमीटरचा रस्ता आधी काढावा लागला, कारण यंत्रे चढवायला वाटच नव्हती. धावपट्टी बसवण्यासाठी ड्राय गट नावाची आख्खी दरी सुमारे ८० लाख घनमीटर दगडमातीने भरून काढली. परतीच्या दिवशी विमानतळाच्या कुंपणाशी उभे राहून त्या भरावाकडे पाहताना, धरणाच्या कामावरच्या मोजमाप वह्या तपासलेल्या माझ्यासारख्या माणसालाही क्षणभर गप्प राहावेसे वाटले.

२१ मे हा सेंट हेलेनाचा उत्सवाचा दिवस, आणि २०१६ मधल्या त्याच दिवशी उद्घाटन ठरले होते. त्याआधी एप्रिलमध्ये बोइंग ७३७-८०० विमानाने चाचणी म्हणून उतरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा धावपट्टीच्या उत्तर टोकाशी वाऱ्याचा वेग आणि दिशा एकाएकी बदलतात, म्हणजे ज्याला वैमानिक ‘विंड शिअर’ म्हणतात तो प्रकार तेथे आहे, असे सर्वांसमक्ष दिसून आले. वैमानिकाला उतरता उतरता पुन्हा वर जावे लागले आणि उद्घाटन पुढे ढकलले गेले. आता खरी मौज अशी की १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन या बेटावर भटकला होता आणि बाकी सगळे आवडले तरी सोसाट्याच्या वाऱ्यांचा जाच झाला, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे वाऱ्याची नोंद १८० वर्षे दप्तरी होती. जून २०१६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने आणि डिसेंबरात तेथील लोकलेखा समितीने या प्रकरणावर जे अहवाल दिले ते व्यवसायबंधू म्हणून मी आवडीने वाचले. समितीने शब्द जपून वापरले नाहीत. धावपट्टी पुरी होईपर्यंत तिच्यावर ज्या जातीचे विमान उतरणार त्याची वाऱ्याच्या संदर्भात पुरेशी खातरजमा झाली नव्हती, हा आक्षेप कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणच्या लेखापरीक्षकालाही सुचला असता.

अखेर लहान विमानाचा तोडगा निघाला आणि १४ ऑक्टोबर २०१७ रोजी एअरलिंकचे पहिले नियमित विमान बेटावर उतरले. टपालबोट २०१८ च्या फेब्रुवारीत शेवटची निघून गेली. त्याच वर्षी जूनमध्ये बेसिल रीड आर्थिक अडचणीत येऊन दिवाळखोरीपासून बचावाच्या प्रक्रियेत गेली आणि उरलेले काम बेटाच्या सरकारच्या अंगावर पडले. दारी हत्ती झुलवायचा तर चाऱ्याची तरतूद आधी करावी लागते. आठवड्यातून एका विमानासाठी अग्निशामक दल, हवामान निरीक्षक, वाहतूक नियंत्रक, सुरक्षा तपासणी असा सगळा लवाजमा वर्षभर पोसावा लागतो, आणि तो खर्च विमान भरलेले असो वा रिकामे, सारखाच होतो.

आता मंजुरीच्या टिपणीकडे वळतो, कारण माझा मुख्य आक्षेप तेथे आहे. विमानतळाचे समर्थन करताना असे मांडले गेले की विमान आले म्हणजे पर्यटक येतील, पर्यटक आले म्हणजे बेट आपल्या पायावर उभे राहील आणि काही दशकांनी ब्रिटनला वार्षिक मदत द्यावी लागणार नाही. दीर्घकालीन अंदाज होता वर्षाला जवळजवळ तीस हजार पर्यटकांचा. वाऱ्यामुळे वजनाची मर्यादा पाळावी लागत असल्याने सुरुवातीला या विमानात ७६ प्रवासीच घेतले जात होते. ७६ ला ५२ आठवड्यांनी गुणले तर ३९५२ होतात. म्हणजे वर्षभर एकही आसन रिकामे न ठेवता, एकाही बेटवासीयाला न बसवता आणि एकही फेरी हवामानामुळे रद्द न होता सेवा चालली असती तरी अंदाजाच्या सातव्या हिश्श्यापर्यंतसुद्धा आकडा पोहोचला नसता. पुढे उन्हाळी हंगामात केपटाऊनहून जादा फेऱ्या झाल्या, महिन्यातून एकदा विमान ॲसेन्शनपर्यंतही जाऊ लागले, मधल्या काळात महामारीने दोन वर्षे नियमित सेवा बंदच राहिली. हे सगळे धरूनही पर्यटकांची संख्या काही हजारांच्या पुढे गेलेली नाही, आणि लंडनहून दरवर्षी येणारी मदत आजही सुमारे तीन कोटी पौंडांच्या घरात आहे.

या आकड्यांवरून विमानतळ फसला असा निष्कर्ष वृत्तपत्रांनी काढला आणि ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ असे त्याचे बारसेही केले. मला तो निष्कर्ष मान्य नाही. फसला तो अंदाज. टाके घातलेल्या पोटाने पाच दिवस बोटीत काढावे लागू नयेत, आईच्या अंत्यविधीला मुलाला वेळेवर पोहोचता यावे, फॉकलंड किंवा इंग्लंडमध्ये नोकरीसाठी गेलेल्या बापाला आठवडाभराच्या रजेत घरी येऊन जाता यावे, ही गरज स्वतःच्या बळावर खर्चाला पुरेशी होती. ब्रिटिश सरकारचे घोषित धोरणही तेच सांगते. १९९९ आणि २०१२ च्या श्वेतपत्रिकांपासून ‘सागरपार प्रदेशांच्या वाजवी गरजांचा मदतनिधीवर पहिला हक्क’ हे तत्त्व मान्य आहे, आणि २००२ च्या आंतरराष्ट्रीय विकास कायद्यात या प्रदेशांसाठी वेगळी तरतूद आहे. परंतु ‘वाजवी’ म्हणजे किती, हे ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याकडे आहे, आणि देणाऱ्याला परतावा दाखवल्याशिवाय पैसा सुटत नाही. म्हणून एका बाईच्या टाक्यांची गरज तीस हजार पर्यटकांच्या वेषात सादर करावी लागली. हिशेब तपासताना असले वेषांतर मी अनेकदा पाहिलेले आहे. टिपणी लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असते आणि मंजूर करणाऱ्यालाही.

कोणत्याही सेवेचा अभिप्राय लिहिताना ग्राहक कोण हे आधी ठरवावे लागते, आणि येथे ते ठरवणे सोपे नाही. तिकीट काढतो तो प्रवासी. विमानसेवेचा करार बेटाच्या सरकारचा. त्या करारातील तुटीचा भार ब्रिटनच्या मदतीवर. मग भाडे कमी करा, मंगळवारीही विमान आणा, असे म्हणायचे तर कोणाला? हाच प्रश्न बेटाच्या राज्यघटनेलाही लागू पडतो, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. १९६० च्या दशकात बेटावर निवडून आलेल्या सदस्यांचे विधिमंडळ आले. सध्याची घटना १ सप्टेंबर २००९ पासून अमलात आहे. तिने मूलभूत हक्कांची सनद दिली आणि ॲसेन्शन व ट्रिस्टन द कून्या ही बेटे सेंट हेलेनाच्या ताब्यातील न मानता तिघांना बरोबरीचे स्थान दिले. विधिमंडळावर बारा सदस्य निवडून जातात. पण मंत्री नव्हते. समित्या होत्या, आणि कोणत्याही निर्णयाचे श्रेय किंवा दोष नेमका कोणाचा हे सांगता येत नसे. २०२१ च्या घटनादुरुस्तीने मंत्रिपद्धत आली, ऑक्टोबर २०२१ मध्ये निवडणूक झाली आणि ज्युली थॉमस बेटाच्या पहिल्या मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्यासह पाच मंत्री, आणि कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षस्थानी मात्र लंडनने नेमलेले गव्हर्नर. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि पोलिसांसह अंतर्गत सुरक्षा हे विषय गव्हर्नरांकडे. शिवाय लंडनला आदेशाद्वारे बेटासाठी थेट कायदा करण्याचा अधिकार राखून ठेवलेला आहे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. अधिक स्वराज्य लंडनने रोखून धरले आणि बेटाने झगडून मिळवले, असे चित्र आपल्या मनात सहज उभे राहते, कारण आपला इतिहास तसा आहे. सेंट हेलेनात तसे घडलेले नाही. २००५ मध्ये मंत्रिपद्धतीचा समावेश असलेला घटनेचा मसुदा बेटवासीयांनीच मतचाचणीत नाकारला, आणि २०१३ मध्ये ‘प्रमुख सदस्य’ असे पद निर्माण करण्याची सूचनाही नाकारली. आमच्या घरमालकांना मी याचे कारण विचारले. साठी उलटलेले गृहस्थ, तिसऱ्याच दिवशी मला ‘काका’ म्हणावे इतके मोकळे झाले असते, पण तिथे तशी पद्धत नाही म्हणून नावानेच हाक मारीत. त्यांचे म्हणणे असे की गव्हर्नर तीन-चार वर्षांनी निघून जातो, मंत्री मात्र जन्मभर शेजारीच राहणार. शेजाऱ्याच्या हातात किती द्यायचे याचा विचार करावा लागतो. साडेचार हजार वस्तीच्या गावात राहिलेल्या कोणालाही हे पटेल. तरीही माझा आक्षेप राहतोच. मंत्री आले, त्यांची खाती ठरली, पण अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा ज्या मदतीतून येतो तिचा आकडा दरवर्षी लंडनच्या अधिकाऱ्यांशी बोलून ठरतो. मतदार मुख्यमंत्र्यांना जाब विचारतो आणि मुख्यमंत्री ज्यांना विचारतील ते या मतदाराच्या मतावर निवडून आलेले नसतात. ब्रिटिश संसदेत सेंट हेलेनाचा प्रतिनिधी नाही. नागरिकत्वाचा इतिहासही असाच : १९८१ च्या कायद्याने बेटवासीयांचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क गेला, आणि तो परत मिळायला २००२ चे २१ मे उजाडावे लागले. तो हक्क परत मिळाला तेव्हा तरुण मंडळी बेट सोडून ब्रिटनमध्ये कामाला जाऊ लागली, हा त्याचा दुसरा परिणाम. विमानात आमच्या आजूबाजूला बसलेल्यांपैकी बरेच जण असे परतणारेच होते.

ब्रिटनच्या इतर सागरपार प्रदेशांशी तुलना केली तर सेंट हेलेनाला फार कमी मिळाले असे म्हणता येत नाही. कॅरिबियनमधील माँटसेराटमध्ये १९९५ पासून ज्वालामुखीने अर्धे बेट आणि राजधानी गिळली. १९९७ मध्ये तेथील लोकांनी मदतीत वाढ मागितली तेव्हा ब्रिटनच्या विकासमंत्री क्लेअर शॉर्ट ‘उद्या हे सोन्याचे हत्ती मागतील’ अशा अर्थाचे बोलून गेल्या आणि ते शब्द तेथे आजही कोणी विसरलेले नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने अँग्विला, ब्रिटिश व्हर्जिन बेटे आणि टर्क्स व कैकोस यांची दाणादाण उडवली, तेव्हा त्यांचे दरडोई उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे म्हणून त्यांना दिलेली रक्कम विकास मदतीच्या हिशेबात धरता येईना. छप्पर उडालेल्या घराचे दरडोई उत्पन्न गेल्या वर्षीच्या कागदावरून ठरत होते. फॉकलंडने १९८६ नंतर मासेमारीच्या परवान्यांवर इतका पैसा मिळवला की त्याला या मदतीची गरज उरली नाही. आणि ट्रिस्टन द कून्यावर अडीचशेच्या आत वस्ती आहे, विमानतळ नाही, केपटाऊनहून बोटीने आठवडा लागतो.

बेटावरच्या एका दुकानाचे दृश्य सांगितल्यावाचून राहवत नाही. चौथ्या दिवशी बेटाची राजधानी जेम्सटाऊनच्या मुख्य रस्त्यावरील दुकानात आम्ही बटाटे घ्यायला गेलो. फळी रिकामी होती. माल बोटीने केपटाऊनहून येतो आणि बोट अजून यायची होती; विमान माणसे, टपाल आणि थोडाफार हलका माल आणते, बटाट्यांच्या गोणी नव्हेत. दुकानातल्या बाई न रागावता, न हसता ‘बोट आली की’ एवढेच म्हणाल्या. त्या संध्याकाळी घरमालकांनी ‘प्लो’ वाढला. मसाल्याचा, कढीपत्त्याशिवायचा, एकाच भांड्यात मांस-भाज्यांसह शिजवलेला भात. नाव उघडच पुलावाचे, पूर्वेकडून आलेल्या जहाजांबरोबर उतरलेले. पत्नीने कृती लिहून घेतली. त्यात बटाटा असतो, त्या दिवशी नव्हता.

याउलट दुसरी एक सोय पाहून बरे वाटले. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत बेटाचे इंटरनेट उपग्रहावर अवलंबून, संथ आणि महाग होते. आता गूगलच्या इक्वियानो या समुद्रतळातील वाहिनीची एक शाखा बेटाला जोडलेली आहे आणि मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना एकदाही अडथळा आला नाही. त्या जोडणीला युरोपीय विकास निधीचा पैसा मिळाला, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्यापूर्वी मंजूर झालेला. धावपट्टीच्या मानाने नगण्य खर्च, आणि उपयोग रोजचा, प्रत्येक घरात.

गुण द्यायचे तर विमानातील सेवेला पाचपैकी चार : दोन्ही खेपांना विमान वेळेवर, कर्मचारी आदबशीर, शाकाहारी जेवण आधी कळवल्यास मिळते आणि खाण्याजोगे असते. विमानतळाच्या इमारतीला चार. लहान, स्वच्छ, आणि पोहोचवायला आलेले नातेवाईक अगदी शेवटपर्यंत दिसत राहतात. वेळापत्रकाला दोन. मदतीच्या नियोजनाला अडीच, त्यातला एक पूर्ण गुण त्या दरीच्या भरावासाठी.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असावा, कारण बेटावरून परतताना तेथे पुन्हा प्रवेश करावा लागतो. पुण्यातील एका प्रवास कंपनीने आमचे मुंबईचे परतीचे तिकीट बेटावरून येण्याच्या दुसऱ्याच दिवशीचे काढून ठेवले होते. मुलीने हट्टाने ते चार दिवस पुढे ढकलायला लावले. आमचे विमान वेळेवर आले म्हणून ती खबरदारी वाया गेली असे समजू नये, वारा कोणाच्या तिकिटाकडे पाहत नाही. पौंडांत थोडी रोख रक्कम बाळगावी. बेटाचा स्वतःचा पौंड ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा आहे, पण सेंट हेलेना व ॲसेन्शनबाहेर तो कोणी घेत नाही, तेव्हा उरलेल्या नोटा निघण्यापूर्वी खर्च कराव्यात किंवा बदलून घ्याव्यात. गव्हर्नरच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर जोनाथन हे कासव आहे, १८३२ च्या सुमाराचा जन्म, त्याला पाहायला सकाळी जावे. आणि वैद्यकीय विमा, ज्यात उपचारांसाठी बेटाबाहेर हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे, तो सक्तीचा आहे. त्याचा कागद छापून हातात ठेवावा. प्रवेशाच्या खिडकीवरचा अधिकारी तो नुसता पाहत नाही, वाचतो.